पानावर ठेवलेला हात

महादेवप्पांच्या मिशीला तूप लागलं होतं, आणि ते शपथेवर सांगत होते की सकाळपासून पोटात काही गेलेलं नाही.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. संतपूरहून पहिल्या बसनं बीदरला रक्त तपासायला आलेल्या बापलेकींपुढं दवाखान्यातला रक्त काढणारा रेवणसिद्धप्पा सुई घेऊन उभा होता. तो गालात हसला. "अप्पा, रक्त उपाशीपोटी द्यायचं असतंय. उद्या या." मग त्यानं लेकीकडं पाहिलं... जगदेवीनं हसू पदराआड दडवलं, पण डोळ्यांतलं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी रक्त मात्र खरं बोललं. छातीत कळ येऊन गेलेल्या अप्पांचं कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं. दवाखान्यानं दिलेल्या पथ्याच्या छापील कागदावर लिहिलं होतं, मटण-अंडी बंद. अप्पा खूश! ज्या घरात सात पिढ्यांत कुणी अंड्याला हात लावला नाही, तिथं पथ्य आपोआपच झालं की. तीन महिने ते निर्धास्त तूप ओरपत राहिले, आणि आकडा जागचा हलला नाही.

"तुपाचं कामून सांगितलं न्हाई?" जगदेवीनं रेवणला दारातच गाठलं.

"कागदावर नव्हतं... पण आता मी सांगायलोय की."

आणि त्यानं सांगितलं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, साधं वरण, जवसाची चटणी, तळण बंद, रोज कोसभर चालणं. ती ऐकत कमी होती, बघत जास्त होती. पुढं दर तपासणीला तिचे प्रश्न वाढत गेले आणि त्याची उत्तरं लांबत गेली.

वर्षभरात अप्पांचा सदरा ढगळ झाला, आकडा खाली आला. आता सहा महिन्यांनी या, असं डॉक्टर म्हणाले.

"यायला आता कारण न्हाई उरलं," ती दारात पुटपुटली.

"मग मीच येतो," रेवण म्हणाला. "थोरल्यांना घेऊन."

आला तो खरोखरच. पुरणपोळीची पंगत बसली. त्या मुलखात त्यांच्यातली रीत अशी, की सोयरिकीच्या जेवणात पाहुण्यानं तूप घेतलं तर होकार, पानावर हात ठेवला तर नकार. आणि पाहुणा घेईल तेवढं यजमानानंही घ्यायचं. जगदेवीची सिद्धव्वा आत्या तुपाचं भांडं घेऊन वाकली, आणि रेवणनं पानावर हात ठेवला.

दाराआडून जगदेवीनं ते पाहिलं. वर्षभराचं ते बोलणं, ते थांबणं, सगळं खोटंच होतं का?

"पोरगी पसंत न्हाई काय?" आत्यानं विचारलं.

"पोरगी पसंत हाय, अक्का. पण मी तूप घेतलो तर अप्पांना घ्यावं लागंल. वर्षभर तिनं जे राखलंय, ते मी एका जेवणात कसं घालवू?"

भांड्यावर नजर लावून बसलेल्या अप्पांनी एक लांब सुस्कारा सोडला. मग आपल्याही पानावर हात ठेवला. "सिद्धव्वा, भांडं आत ने. माझा बी होकार हाय. जगदेवी, चटणी आण."

ती आली. डोळे भरलेले. घाईत तिनं जवसाची चटणी वाढली ती नेमकी गोड पुरणपोळीवर. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रेवणनं मात्र घास मोडला, मुकाट्यानं खाल्ला आणि तिच्याकडं बघत म्हणाला, "अजून वाढा."