साठ चित्रं, तीन मिनिटं

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी तिथे होते.

रायपुरातलं तेलीबांध्याचं तळं, कडक ऊन.

डब्यात तसेच राहिलेले पोहे.

गर्भाशय हलतं. लाटेसारखं, मिनिटाला दोन-तीनदा. बाईला कळतही नाही.

काही बायकांना कळतं.

स्टीलच्या वाटीत काढून ठेवलेलं मंगळसूत्र.

मंगळवार, १४ जून २०१६. दुपारी सव्वातीन. रायपूर, नव्या राजधानीच्या रस्त्यावरचं एक खासगी हॉस्पिटल. मी पद्मजा, तिथली एमआरआय टेक्निशियन.

टेबलावर माझी चुलतबहीण, श्रावणीताई. तिला एंडोमेट्रिओसिस. म्हणजे गर्भाशयाचं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं. नऊ वर्षं ती दर महिन्याला फरशीवर लोळायची. आमचे डॉक्टर भार्गव अशा बायकांच्या गर्भाशयाच्या हालचालीची फिल्म काढायचे. तीन मिनिटं, साठ चित्रं. या आजारात लाटा जोरदार दिसतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांना अभ्यासाचं प्रेम होतं. बायकांचं नव्हतं.

"दुखतं हो सगळ्यांनाच," ते म्हणायचे. "आमच्या मिसेसही बोंबलतात."

बाहेर ताईचा नवरा, सुशीलभाऊजी. कारखान्यात सुपरवायझर. घरी त्याहून मोठे.

"फोटोत दिसलं तं ऑपरेशन. नाही दिसलं तं उद्याच माहेरी अमरावतीले सोडून देतो. रोजचं नाटक काहून झेलू मी?"

नऊ वर्षं तिच्या शेजारी झोपून या माणसाला फोटो हवा होता.

आणि मी? मी त्या दोघांहून भारी.

पोटाच्या स्कॅनआधी आतडी शांत करायचं इंजेक्शन देतात. हाताला सवय. दिलं. सुई बाहेर काढली... आणि आठवलं.

या अभ्यासात ते द्यायचंच नसतं. त्याने गर्भाशयही शांत होतं.

म्हणजे फिल्ममध्ये काहीच दिसणार नव्हतं. ताई खोटी ठरणार होती. माझ्या हाताने.

सांगायला हवं होतं. पण पुढची तारीख पुढच्या महिन्यात, आणि भाऊजी थांबणारे नव्हते. शिवाय नोकरी. मी तोंड मिटलं आणि मशीन सुरू केलं.

ठक ठक ठक...

मग मशीनचा आवाज थांबला.

पडद्यावर चित्रं मात्र येतच राहिली.

एकवीस... बावीस... तेवीस...

अचानक घंटी वाजली. घाबरल्यास दाबायला पेशंटच्या हातात आम्ही रबरी फुगा देतो, त्याची घंटी.

"ताई, काय झालं?"

"मी नाही दाबला." माइकमधून तिचा आवाज आला. अगदी हळू. "फुगा माह्या हातात नाही, पद्मा... पायाशी कोन बसून राहिलं?"

मी काचेतून पाहिलं.

पायाशी कोणी नव्हतं.

चादर मात्र... तिथे दबलेली होती.

साठावं चित्र आलं. घंटी थांबली.

डॉक्टर भार्गव आले. फिल्म चालवली.

लाटा. एकामागे एक. इंजेक्शननंतर! इतक्या जोरदार लाटा मी त्या मशीनवर कधी पाहिल्या नव्हत्या.

"क्या बात है! ऑपरेशनची तारीख द्या यांना."

भाऊजींना आत बोलावलं. त्यांनी क्रिकेटचा रिप्ले बघावा तशी मान हलवली. "हव, दिसून तं राहिलं."

ताईकडे कोणी पाहिलं नाही. ती पायाकडच्या चादरीकडे बघत होती.

मी पडद्याकडे बघत होते. ताईचं गर्भाशय पुढे झुकलेलं. आठवड्यापूर्वीची सोनोग्राफी फाइलमध्येच होती.

पडद्यावरचं... मागे झुकलेलं होतं.

डॉक्टरांनी फाइल उघडलीच नाही. एवढ्या मोठ्या माणसाने फाइल कशाला उघडायची?

ऑपरेशन झालं. ताईच्या पोटातून नऊ वर्षांचं दुखणं निघालं. खरंखुरं. आज ती बरी आहे. तिच्यावर विश्वास बसायला मात्र दुसऱ्याच कुणाचं तरी पोट लागलं.

ती नोकरी मी सोडली. फिल्म अजून तिथल्या कॉम्प्युटरवर आहे, ताईच्या नावाने. आता दुसरीकडे काम करते, आणि स्कॅन सुरू करण्याआधी पायाकडची चादर दोनदा बघते.

त्या दिवशी सकाळी अकराचा नंबर, याच फिल्मसाठी, बीरगांवच्या गोदावरीबाईंचा होता; त्यांच्या फाइलमध्ये लिहिलं होतं, गर्भाशय मागे झुकलेलं. त्या पहाटेच वारल्या होत्या.