उंबरघोटचा मौनांक

सकाळी सात वाजता पडद्यावरचं अकरावं गाव राखाडी झालं, तेव्हा डॉ. हृषीकेश उपासनींच्या चेहऱ्यावर घरी बारसं असल्यासारखा आनंद पसरला.

साल २०५८. तांबडी नदी दोन दिवस पात्राबाहेर होती. खोऱ्यातल्या चौसष्ट गावांसाठी उभारलेल्या मदत केंद्राच्या शेडमध्ये आठ विनाचालक ट्रक, दोन पोकलेन, ताडपत्र्या, पाण्याचे कॅन आणि औषधांच्या पेट्या तयार होत्या. यातलं काय कुठे जायचं हे माणसांनी ठरवायचे दिवस संपले होते. ते आता मौनमापक नावाचं यंत्र ठरवायचं.

केंद्राच्या रवानगीप्रमुख अनसूया पोळ दारात उभ्या होत्या. सगळे त्यांना पोळबाई म्हणत. तीस वर्षं त्यांनी पुराच्या गाड्या भरून पाठवल्या होत्या आणि नुसत्या मागणीच्या यादीवरून गाव किती खोटं बोलतंय ते त्या ओळखायच्या. यंत्राचा त्यांना राग नव्हता. यंत्रासमोर तोंड वासून उभ्या राहणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांचा मात्र मनस्वी तिटकारा होता.

"अकरा, पोळबाई! एका वेळी अकरा गावं!"

"अकरा गावं मेली असतील तर हसताय काय, डॉक्टर?"

"हसत नाही हो. यंत्राची नजर बघा म्हणतोय."

कल्पना मुळात साधी होती, आणि खरं सांगायचं तर चांगलीही होती. पूर्वी आपत्तीत मदत जायची ती ओरडणाऱ्याकडे. ज्याचा फोन चालू, ज्याचा आमदार जवळचा, त्याच्या दारात बिस्किटांचा ढीग. आणि जिथे दरड कोसळून गावच गाडलं गेलं, तिथून फोन करणार कोण? उपासनींनी हे उलटं केलं. प्रत्येक गाव दिवसभर काही ना काही बोलत असतं. फोन, विजेची मीटर, रेशन दुकानाचं यंत्र, शेतावरचे पंप, पोरांचे खेळ, या सगळ्यांचे संदेश हवेतून जात असतात. या अखंड बडबडीला त्यांनी गावाची 'गुणगुण' असं नाव दिलं. शेजारच्या घरातून रोज सकाळी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत असतील तर आपलं तिकडे लक्षही जात नाही. एक दिवस त्या आल्या नाहीत की मात्र आपण दार ठोठावतो. म्हणजे अपेक्षित आवाजातून काहीच कळत नाही, अनपेक्षित शांततेतून बरंच कळतं. गावाची गुणगुण नेहमीपेक्षा किती पडली याचा शंभरापैकी आकडा म्हणजे त्या गावाचा 'मौनांक'. मौनांक चढला की पडद्यावरचा त्या गावाचा हिरवा ठिपका राखाडी होई. ज्याचा मौनांक जास्त, त्याला मदत आधी. पहिल्या दोन पुरांत या आकड्याने खरोखर माणसं वाचवली होती. मग सत्कार झाले, शाली आल्या, आणि गोष्ट वर्तमानपत्रांतून गावोगाव पोचली. माती झाली ती तिथे.

साडेसात वाजता मौनमापकाने हुकूम सोडले. पहिल्या आठ गावांना आठ ट्रक. सर्वांत वरच्या दोघांना, वडखेळ आणि सडेवाडीला, पोकलेन. कारण त्यांचा मौनांक पूर्ण शंभर होता. नववं, दहावं, अकरावं गाव दुसऱ्या फेरीला. ती उद्या.

नऊ वाजता रेनकोट झटकत एक माणूस शेडमध्ये शिरला, चहावाल्याकडून कप घेऊन पोळबाईंच्या टेबलासमोर बसला आणि म्हणाला, "रामराम बाई. पोकलेन कशापाई धाडलंय? आमाला काय गाळ काढायचाय व्हय? त्यापरीस ताडपत्र्या वाढवा जरा."

"तुम्ही कुठले?"

"वडखेळचा सरपंच. सर्जेराव मोहिते."

शंभर मौनांकाचं वडखेळ पोळबाईंच्या टेबलावर बसून चहात बिस्किट बुडवत होतं.

"तुमच्या गावातून काल संध्याकाळपासून एक फोन नाही. एक मीटर चालू नाही."

"मग!" सर्जेराव अभिमानाने म्हणाला. "दवंडी दिलीय. फोन बंद, मेन स्विच बंद. पोरास्नी सुदीक दम भरलाय. मागल्या टायमाला बोंब मारून बसलो आन् काय गावलं? काय बी न्हाई. औंदा समदी गावं गप हायती, बाई. आमी तेवडं शिस्तीत."

"पाणी कुठवर आलंय?"

"देवळाच्या दुसऱ्या पायरीला."

पोळबाईंना त्याच्या कानफटात द्यावीशी वाटली. गावाच्या संकटाचं सोंग आणायचं, वर त्याच्या शिस्तीचं कौतुक सांगायचं, आणि तेही सरकारी चहा पीत! बरं, सोंग आणलं तर निदान घरी बसावं, एवढीही अक्कल नाही. त्या उठल्या आणि तडक उपासनींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमचं मौन माझ्या टेबलावर बसून बिस्किट खातंय."

उपासनींनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला. "एखादा अपवाद असतोच. पण अकराच्या अकरा गावं खोटं बोलतील हे संभवत नाही."

"अकराच्या अकरा नाही, तीच तर भीती आहे. दहा खोटी असतील आणि एक खरं. ते कुठलं, हे तुमचं यंत्र सांगेल?"

यंत्र ते सांगू शकत नव्हतं. खरं मौन आणि पाळलेलं मौन यांत त्याच्या लेखी फरक नव्हता. उपासनी आकड्यांकडे बघत बसले, आणि पोळबाई बाहेर रस्त्यावर आल्या.

रोज या वेळेला दुधाचा टँकर केंद्रावरून जायचा. महिपती शेडगे वीस वर्षं तो चालवत होता. त्यांनी हात करून टँकर थांबवला.

"महिपती, आज कुठल्या गावांचं दूध आलं?"

"समद्यांचं आलं की. नदीकडचा रस्ता गेलाय, पर डोंगराच्या अंगानं कॅन आणून दिलं लोकांनी." त्याने डोळे बारीक केले. "वडखेळचं आलं, सडेवाडीचं आलं... उंबरघोटचं न्हाई आलं. काल सांजचं बी न्हवतं."

बाकी दहा मुक्या गावांचं दूध त्याच्या टँकरमध्ये होतं. माणसाला गप्प बसवता येतं, स्विच बंद करता येतो. पण म्हशीने पान्हा सोडला की दूध काढावंच लागतं आणि काढलं की डेअरीला घालावं लागतं. पोळबाई धावत आत गेल्या. यादीत उंबरघोट नववं होतं, मौनांक एक्क्याण्णव. ते नऊ गुण का कापले गेले होते तेही दिसत होतं. गावावरच्या टेकडीवर एक सौरपंप होता आणि तो इमानेइतबारे आपली नोंद पाठवत होता. खाली गाव गाडलं गेलं होतं आणि वर पंप बोलत होता, म्हणून ते दुसऱ्या फेरीत गेलं होतं.

यंत्राच्या हुकमाबाहेर पोळबाईंच्या हातात एकच गाडी होती, पाहणीची जीप. सहा माणसं आणि फावडी घेऊन त्या निघाल्या आणि चार वाजता पोचल्या. शाळेच्या इमारतीवर डोंगर उतरला होता. वाचलेली माणसं हातांनी माती उपसत होती. अंगणवाडीच्या शेवंता ढेबेंची नखं उलटली होती.

"फोन लागंना," त्या म्हणाल्या. "आमी नुसतं वरडत हुतो, बाई. कुनाला ऐकू गेलं न्हाई."

पोकलेन वडखेळहून परत फिरून दुसऱ्या फेरीत, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. शाळेच्या आतून ठोकल्याचा आवाज पहाटेपर्यंत येत होता, मग थांबला. आत चौदा माणसं होती. वडखेळच्या ताडपत्र्या पुढे सर्जेरावच्या पुतणीच्या लग्नाच्या मांडवावर दिसल्या.

चौकशी समिती बसली. समितीवर जे होते त्यांच्यापैकी एकानेही आयुष्यात ट्रक भरलेला नव्हता. त्यांना फक्त एका गोष्टीचं कुतूहल होतं, की पोळबाईंना कळलं कसं. पोळबाईंनी दोन महिने तोंड उघडलं नाही. शेवटी उपासनी त्यांच्या घरी आले.

"सांगून टाका, पोळबाई. तुमच्या डोक्यात राहून काय उपयोग? पुढच्या पुराला तुम्ही आजारी असाल, बदलीवर असाल, तर पुढचं उंबरघोट कोण शोधणार?"

"सांगितलं की ते खोटं होणार, डॉक्टर. लोकांना कळायचा अवकाश."

"लोकांच्या हातात नसलेली एखादी खूण असेल तर नाही होणार."

हा माणूस पोळबाईंच्या दृष्टीने मूर्ख होता, पण बोलत होता ते खोटं नव्हतं. चौदा जणांचं ठोकणं त्यांच्या कानांतून जात नव्हतं. त्यांनी दुधाचं सांगितलं.

उपासनी लहान मुलासारखे हरखले. "वा! जनावर खोटं बोलत नाही!"

"जनावर नाही बोलत," पोळबाई म्हणाल्या. "मालक बोलतो."

मौनांकात दूध जोडलं गेलं. उपासनींना आणखी एक शाल मिळाली. आणि आता यंत्राला सगळं कळतं म्हटल्यावर पाहणीची जीप काढून घेण्यात आली.

तीन वर्षांनी तांबडीला पुन्हा पूर आला. पोळबाईंच्या निवृत्तीला चार महिने होते. सकाळी दहापर्यंत सतरा गावं राखाडी झाली होती. महिपतीचा टँकर खडखडत केंद्रासमोर थांबला.

"निम्मा रिकामा हाय, बाई," तो खाली न उतरताच म्हणाला. "वडखेळच्या नाल्यातनं पांढरं पानी चाललंय. बाया रडत्यात, पर वतत्यात."

पोळबाईंनी कपाळावर हात मारून घेतला नाही. त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं. आपणच ही अक्कल खोऱ्याला शिकवली, एवढंच त्यांना वाटलं, आणि स्वतःची किळस आली.

बारा वाजता केंद्राचा फोन वाजला. उंबरघोटहून होता. सरकारने ते गाव नवीन जागी वसवलं होतं, म्हणजे त्याच डोंगराखाली तीन फर्लांग सरकवलं होतं. पण उंबरघोटची माणसं एक गोष्ट शिकली होती: पुन्हा कधी मुकं राहायचं नाही. दोन वर्षं राबून त्यांनी थेट उपग्रहावरून बोलणारा फोन आणला होता आणि तो शेवंताबाईंकडे ठेवला होता.

"पोळबाई, मी शेवंता. डोंगराला भेग पडलीय. हात जाईल येवढी. वरनं चिखल सुटलाय. एकशेबारा मानसं हाय, त्यातली तीस म्हातारी. रस्ता तुटायच्या आत गाड्या धाडा."

पोळबाई फोन धरूनच उपासनींकडे गेल्या. पडद्यावर उंबरघोट हिरवंगार होतं. मौनांक चार. चौसष्टांत त्रेसष्टावा क्रमांक.

"ट्रक वळवा, डॉक्टर. आत्ता. दरड कोसळायच्या आधी कुणी सांगतंय, असं पहिल्यांदा घडतंय."

"माझ्या हातात नाही हो." उपासनींचा आवाज खाली आला होता. "हुकूम कुलूपबंद आहेत, माणसाला हात लावता येत नाही. समितीनेच तसं केलंय. आणि यंत्राच्या बाजूने बघा. ते फोनवर बोलतायत, म्हणजे जिवंत आहेत. सकाळी दूधही घातलंय त्यांनी, अठ्ठावीस लिटर. पलीकडे सतरा गावांतून चकार शब्द नाही."

"त्या सतरांत काय आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण सिद्ध कसं करू?"

फोनमधून शेवंताबाईंचा आवाज येत होता. "बाई? ऐकताय न्हवं? आमी या टायमाला येळंत सांगितलं. सांगितलं न्हवं येळंत?"

पोळबाईंनी डोळे मिटले. तेहेतीस वर्षं त्यांनी खोटं बोलणाऱ्या गावांचा तिरस्कार केला होता. आज मदत मागणाऱ्यांत एकच गाव उरलं होतं जे खरं बोलत होतं.

"शेवंताबाई, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "हा फोन बंद करा. सगळे फोन बंद करा. वीज बंद करा. संध्याकाळचं दूध घालू नका, ओतून द्या."

"आन् पंप?" शेवंताबाईंनी विचारलं.

"पंप फोडा."

"मंग तुमास्नी कसं कळंल, आमी हाय का न्हाई ते?"

"नाही कळणार," पोळबाई म्हणाल्या. "पण गाडी येईल."

फोन बंद झाला. पडद्यावर उंबरघोटचा हिरवा ठिपका तसाच राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पोळबाई उभ्याच होत्या. मग मौनांक चारावरून वीस झाला, पन्नास झाला, आणि एकदम शंभर. ठिपका राखाडी झाला. पहिल्या फेरीहून शेडमध्ये परतलेल्या ट्रकपैकी दोन आपोआप सुरू झाले.

"वा!" उपासनींचा जीव भांड्यात पडला. "ऐकलं त्यांनी तुमचं. किती पटकन केलं बघा सगळं!"

पोळबाई त्या राखाडी ठिपक्याकडे बघत होत्या. एकशेबारा माणसांचं गाव, दीडेकशे दिवे, टेकडीवरचा पंप. एवढं सगळं दहा-अकरा मिनिटांत हाताने बंद करता येतं का, याचा त्या मनातल्या मनात हिशेब मांडत होत्या, आणि तो काही केल्या जुळत नव्हता.