याय चॅमची पेज

इंजिन बंद कर रे, कानठळ्या बसल्या. ओहोटी लागली आहे, पाणी चढेपर्यंत होडी काही हलायची नाही. बसा. आणि तू तो मोबाईल खिशात घाल. भुतांचे सिनेमे बघून तुम्हाला वाटतं, सगळं कळलं. मी सांगतो ते घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस अजून याच बांग फ्लोई कालव्यावर राहतो. त्या वळणापलीकडे, निळ्या पत्र्याच्या घरात.

हो, मार्टेनच. आपला गोरा फरंग. हॉलंडचा. त्याच्या गावीही म्हणे कालवेच कालवे, पण तिथलं पाणी स्वच्छ आणि माणसं मुकी. इथं आला आणि आपल्या या काळ्या पाण्यावर जीव जडवून बसला. कोणाचा जीव कशावर जडेल, सांगता येत नाही. रोज एक लहानशी होडी वल्हवत निघायचा. विहारामागचे अरुंद पाट, लोकांच्या मोऱ्यांखालची गटारं, कुठंही घुसायचा. मेलेलं कुत्रं तरंगत आलं तर वल्ह्यानं बाजूला सारून पुढं जायचा. आणि ज्या पायरीशी होडी लागेल तिथं जेवायचा.

"या देशात मला कुणी खायला दिलं आणि मी नाही म्हटलं, असं आजवर झालेलं नाही," असं छाती फुगवून सांगायचा.

आपल्या बायका काय कमी आहेत? मुद्दाम हाका मारायच्या. "ए फरंग, हे खाशील का?" सडवलेल्या माशांची चटणी. कच्च्या रक्तात कालवलेलं मांस. तळलेले पाणकिडे. हा खायचा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि वर म्हणायचा, "झकास!" बायका हसून हसून आडव्या व्हायच्या.

त्याची बायको रंफाय, आपल्यातलीच. तिची दोन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला, तेव्हा मार्टेन जिन्यावरून चालतानासुद्धा पाय न वाजवता चालायचा. रोज संध्याकाळी तिच्या पोटाशी तोंड नेऊन आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटायचा. त्याला दुसरं काही नको होतं रे. एवढं एक मूल जिवंत हातात यावं, बस्स.

तर त्या वर्षी भिक्खूंचा वर्षावास संपला, त्याच्या दुसऱ्या रात्रीची गोष्ट. मंगळवार होता. पावणेदहा झाले असतील. रंफायनं डब्यात तांदळाची पेज भरली आणि त्याच्या हातात दिली.

"याय चॅमकडे देऊन ये. पायरीवर ठेव, हाक मार आणि सरळ परत ये. आत जायचं नाही."

"का? म्हातारी मरायला टेकली आहे, कुणी पाणीसुद्धा पाजत नाही. माणसं आहात का कोण आहात?"

"मला दया येते म्हणूनच देते आहे ना? पण आत जाऊ नकोस. आणि तिनं काही दिलं तर खाऊ नकोस. शपथ आहे तुला."

याय चॅम म्हणजे पलीकडच्या काठची म्हातारी. सगळे तिला याय म्हणायचे, आजी. कित्येक वर्षं एकटी राहणारी. अंथरुणाला खिळून महिना होऊन गेला होता, अन्न सुटलं होतं, पण मरत नव्हती. लेक आली आणि दारातूनच परत गेली. घराला असा वास यायचा की मी होडी तिथून नेताना श्वास धरायचो. नुसत्या आजाऱ्याचा वास नव्हता तो. ओल्या कुत्र्याचा, नासलेल्या माशाचा, आणि खाली आणखी कसलातरी गोडसर.

मार्टेननं डबा पायरीवर ठेवला. हाक मारली. वळलाही.

आतून आवाज आला. "फरंग... पाजतोस का रे लेका?"

तुम्ही गेला नसता. मीही गेलो नसतो. तो गेला.

कोपऱ्यात एक बारका दिवा होता. याय चटईवर पडलेली. उशाशी पितळेची पिकदाणी, काठोकाठ. विड्याचा रंग कधीच काळा पडलेला, वर साय धरलेली. हनुवटीवर लाळ. वाळलेली लाळ, तिच्यावर ओली लाळ. अंगाची नुसती काडी झालेली, पण डोळे कसे टवटवीत. एखाद्या तरुण बाईचे असावेत तसे.

त्यानं नाकानं श्वास घेणं थांबवलं. तिचं डोकं मांडीवर घेतलं. वाडग्यात पेज ओतली, चमचा तिच्या तोंडाला लावला.

तिनं पेज तोंडात घेतली. गालातून इकडून तिकडे फिरवली. मग तोंड वाडग्यावर आणलं आणि सगळी परत सोडली. शेवटची तार तुटता तुटेना.

"आता तू," ती म्हणाली.

"याय, मी जेवून आलोय."

"तू कुणाला नाही म्हणत नाहीस म्हणे. सगळा कालवा सांगतो." ती हसली. हिरड्या काळ्या होत्या. "एक घास, लेका. मग मी जाते. फार दमले रे."

मार्टेननं वाडग्यात बघितलं. पेज पांढरी होती. मध्ये काहीतरी पिवळट, घट्ट... हलत होतं की दिवा हलत होता, हे त्याला आजही सांगता येत नाही. त्यानं वाडगा दूर धरला. पण म्हातारी रडायला लागली. मरणाऱ्या बाईचा शेवटचा शब्द कसा मोडायचा? त्यानं डोळे मिटले.

एक घास.

पेज गार होती. तो मधला गोळा मात्र गरम होता.

"मी गिळला नाही, काका," त्यानं मला सांगितलं. "तो स्वतःच उतरला. खाली. आपल्या पायांनी जावा तसा."

मांडीवरचं डोकं एकदम जड झालं. याय गेली होती. डोळे उघडेच... पण आता ते म्हातारीचे डोळे होते.

तो घरी आला. "गेली," एवढंच म्हणाला. रंफायनं त्याला जवळ घेतलं. खाल्ल्याचं तिला सांगायची त्याची हिंमत झाली नाही.

सकाळी आम्ही सगळे यायच्या पायरीशी जमलो. रंफायचा डबा उघडा, वाडग्यात उष्टी पेज आणि चमचा. सगळ्यांच्या नजरा मार्टेनकडे.

"खाल्लंस?" मी विचारलं.

त्यानं मान डोलावली.

एका बाईनं तिथंच ओकारी काढली. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. यायच्या अंगात क्रासू होती. दिवसा बाई, रात्री नुसतं मुंडकं, खाली आतडी लोंबत, घाण हुंगत फिरणारं. बाळंतिणीच्या घराभोवती घिरट्या घालणारं. अशी बाई मरू शकत नाही. तिची थुंकी जिवंत माणसाच्या पोटात उतरली की मगच सुटते. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पेजेसारखा झाला.

"पण घाबरू नकोस," मी म्हटलं. "पुरुषाला ती लागत नाही. बायकांचीच असते. तुझ्याकडे येऊन तिचा रस्ता संपला."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कोणीतरी चेष्टाही केली, "फरंग, चव कशी होती? झकास?" लोक हसले. मार्टेन हसला नाही.

"काका," तो म्हणाला, "काल रात्री घरी गेल्यावर मी रंफायचा मुका घेतला."

आपण काय करतो? गालाशी नाक नेतो, हुंगतो, झालं. यांची रीत वेगळी. तोंडाला तोंड. मला तेव्हा इतकी किळस आली की मी त्याच्या अंगावर हात उगारला होता. मग त्याच्याकडे बघितलं आणि खाली घेतला.

"तिला सांगू नका," तो म्हणाला.

पुढं दोन महिने. रंफायला गर्भारपणात मासळीचा वास सहन होत नव्हता. आता व्हायला लागला. एका रात्री मार्टेनला जाग आली, तर ती शेजारी नाही. खाली पायरीवर उभी. ओहोटी. चिखल उघडा पडलेला. चिखलात फुगलेली घोरपड, पोट फाटलेलं, त्यावर किडे.

"कसला छान वास येतोय ना?" ती म्हणाली. "तोंडाला पाणी सुटलं."

त्यानं तिला हात धरून वर आणलं.

मुलगी झाली. इस्पितळात, धडधाकट, खणखणीत रडणारी. मार्टेन माझ्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. आपल्या रीतीप्रमाणे बाळाबरोबरची वार मागून घेतली, मायलेकींना घरी आणल्यावर मडक्यात घातली, मीठ भरलं. मडक्याच्या तोंडाला फडकं लावून दोरी त्यानंच आवळली, आणि जिन्याखाली पुरलं.

सकाळी माती उकरलेली.

मडकं तिथंच. फडकं तिथंच. गाठ तशीच, त्याचीच. उघडून बघितलं... आत काही नाही. मिठाचा खडासुद्धा नाही. चाटूनपुसून लख्ख. लोक म्हणाले, घोरपडीनं नेलं. घोरपड गाठ सोडून परत बांधते होय?

"रंफाय," त्यानं खालून हाक मारली, "भात आणू?"

वरून आवाज आला. "नको. भूक नाही."

तेवढ्यात त्याचं लक्ष कपडे वाळत घालायच्या दोरीवर गेलं. बाळाचं दुपटं रात्रभर बाहेर वाळत राहिलं होतं. पांढरंशुभ्र. मधोमध एक तपकिरी डाग. ओठांचा. खाऊन झालं की क्रासू तोंड पुसते, मिळेल त्या कपड्याला.

तो दुपटं घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, "उकळत्या पाण्यात टाक. ज्यानं तोंड पुसलं त्याचं तोंड सकाळपर्यंत फोडांनी भरेल. मग कळेल तरी."

त्यानं पातेलं चढवलं. पाणी खळखळायला लागलं. वर रंफाय बाळाला गाणं म्हणत होती. गोड गळा आहे तिचा. हा दुपटं हातात घेऊन उभा. उभाच...

मग त्यानं ते पाणी कालव्यात ओतून दिलं.

पोर आता चार वर्षांची आहे. गुटगुटीत, आईला सोडत नाही. मार्टेन बायकोच्या गालाशी नाक नेतो, आपल्यासारखा. तोंडाला तोंड नाही. पण नांदतो तिच्याशीच. मी त्याला एकदा विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाला, "वाटते. पण ती माझी आहे, काका."

ते दुपटं त्यानं ना टाकलं ना धुतलं. स्वयंपाकघरात चुलीच्या वर खिळ्याला टांगलं आहे. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा मी डागाला बोट लावून बघितलं. चार उन्हाळे गेले त्याच्यावरून.

बोट ओलं झालं. आणि ती ओल गरम होती.