तीन मिनिटांत बसेल तेवढं

“चारशे ऐंशी,” शेजारून आवाज आला.

बाकावर बसून कागदावरचं पुटपुटणारी ती दचकली. “काय चारशे ऐंशी?”

“शब्द. तुम्ही आत्ता वाचलेत ते. आत समितीसमोर तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात साडेतीनशे बसतात... तेही श्वास बेतानं घेतला तर.”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण पेन्सिलींना टोक काढत बसला होता. सहा पेन्सिली झाल्या होत्या, सातवी हातात होती. नाकावरचा चष्मा डावीकडे कललेला. तिची नजर आधी चष्म्यावर गेली – धंद्याची सवय – आणि मग, जरा उशिरा, डोळ्यांवर.

“चोरून ऐकता का लोकांचं?”

“चोरून कशाला? पगार घेऊन ऐकतो. विधिमंडळाच्या या समितीचा लघुलेखक आहे मी. आत जो जे बोलेल ते टिपायचं. कान आपोआप मोजतात, त्याला मी काय करू?”

हसू आवरत तिनं कागदाची घडी केली.

तिचं चष्म्यांचं दुकान होतं. खरं तर बाबांचं. वर्षापूर्वी ते गेले. स्वादुपिंडाचा कर्करोग. हे दुखणं जठराच्या मागे दबा धरून बसतं आणि सापडतं तेव्हा बहुतेकदा वेळ निघून गेलेली असते. त्यावरच्या संशोधनासाठी सरकारनं वेगळा निधी ठेवावा, असा अर्ज तिनं दुकानाच्या काउंटरवर ठेवला होता. नवा चष्मा चढवला की गिऱ्हाईक आधी तोच अर्ज वाचून बघायचं आणि खाली सही करायचं. अशा चार हजार सह्या जमल्या, तेव्हा कुठे समितीचं बोलावणं आलं.

पण त्या मंगळवारी सुनावणी पुढे ढकलली गेली. पुढच्या मंगळवारीही. त्याच्या पुढच्याही.

तिला राग यायला हवा होता. येत नव्हता. समितीच्या खोलीबाहेरच्या त्या लांबलचक दालनात उंच खिडक्यांतून ऊन तिरकं उतरायचं, उन्हात पेन्सिलींचा भुसा सोन्यासारखा तरंगायचा... आणि बाकाच्या मध्यावर तिचा कागद असायचा. दोन टोकं दर मंगळवारी थोडी थोडी जवळ येत होती.

“हे ‘अत्यंत’ काढा.”

“का? अत्यंतच आहे ते.”

“मग ऐकणाऱ्याला कळेलच की.”

“तुम्ही घरीही असेच बोलता? मोजूनमापून?”

“घरी बोलायला कोण आहे?” तो म्हणाला, आणि घाईघाईनं पेन्सिल तासू लागला. तिला टोक आधीच होतं.

घरी आई सगळं बघत होती. “सुनावणी तुझी आहे, पण आरशाची का गं? अर्धा तास झाला, सोडवत नाहीये तो तुला!”

तिसऱ्या मंगळवारी तीनशे साठ शब्द उरले. बाबांवरचं वाक्य तिनं खोडायला घेतलं.

त्यानं कागदावर हात ठेवला. “हे नको. बाकी सगळं खोडा.”

“तिथे माझा गळा दाटतो. अडकले, तर वेळ संपेल. मग... मग सगळंच संपलं.”

“बोलणाऱ्याला आपलं शेवटचं वाक्य माझ्याकडून वाचून घ्यायचा हक्क आहे. ते वाचेपर्यंत घड्याळ थांबतं.” तो थांबला. “गळा दाटला, तर मला वाचायला सांगा.”

इतकं साधं बोलणं. तिनं खोडायला घेतलेलं वाक्य तसंच ठेवलं.

चौथ्या मंगळवारी नाव पुकारलं गेलं.

अर्थखात्याचे अधिकारी आधीच बोलून बसले होते – या आजाराचे रुग्ण कमी, मग वेगळा निधी कशाला? ती उभी राहिली.

“रुग्ण कमी दिसतात, कारण ते रांगेत उभे राहायला उरत नाहीत,” ती म्हणाली. अध्यक्षबाईंनी मान वर केली. ती बोलत गेली. पेन्सिल सरसरत होती. “निदान झालं, तेव्हा बाबांजवळ अकरा आठवडे होते...”

आणि गळा दाटला. पेन्सिल थांबली. घड्याळ चालूच होतं.

“माझं... शेवटचं वाक्य वाचाल?”

तो उठला. कलत्या चष्म्यातून वहीकडे बघत सपाट आवाजात वाचू लागला. “निदान झालं, तेव्हा बाबांजवळ अकरा आठवडे होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना लांबचं दाखवलं, पण त्यांच्या पोटातलं कुणालाच दिसलं नाही.”



“हे दुसरं वाक्य बाई बोलल्या?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

त्यानं वहीकडे पाहिलं. तिथे ते वाक्य नव्हतंच; ते तिच्या कागदावर होतं. त्याचे कान लाल झाले. “नाही, मॅडम. चूक झाली.”

“बोलणारच होते,” ती म्हणाली. आवाज परत आला होता, आणि चांगला खणखणीत. “कारण ते बघायचं भिंग अजून कुणी घडवलेलं नाही. घडवणारे आहेत. त्यांना पैसे द्या. एवढंच.”

सात सेकंद शिल्लक होते.

तासाभरानं अध्यक्षबाईंनी निर्णय वाचला. लवकर निदानाच्या संशोधनासाठी वेगळ्या निधीची शिफारस समिती करत होती. सरकार किती देईल, हे पुढे ठरायचं होतं. पण दार उघडलं होतं.

तो बाहेर आला, तेव्हा ती बाकावर डोळे पुसत बसली होती. आज मध्यावर कागद नव्हता.

“अकरा वर्षांतली पहिली चूक,” तो शेजारी बसत म्हणाला. “लेखी खुलासा मागितलाय.”

“काय लिहिणार?”

“खरं तेच. की तुमचा आवाज घरी गेलो तरी कानांतून जात नाही...” तो अडखळला. “पण साडेतीनशे शब्दांत बसेना.”

तिनं पर्समधून बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला, हात पुढे करून त्याचा चष्मा अलगद उतरवला आणि डावीकडचा स्क्रू घट्ट करू लागली.

“मला काही दिसत नाहीये,” तो म्हणाला.

“ऐकू येतंय ना?”

“येतंय.”

“मग टिपून घ्या.” ती त्याच्या कानाशी झुकली...

चष्मा पुन्हा त्याच्या नाकावर चढला. अगदी सरळ.

“किती शब्द झाले?” तिनं विचारलं.

त्यानं मोजलेच नव्हते.