शेवटून दुसरी

तो माणूस आपल्याच मागे येतोय, हे महापे गाव सुटताच करुणाच्या लक्षात आलं. ती थांबली की तोही थांबायचा आणि उगाच करवंदीच्या जाळीकडे बघायचा. ती निघाली की तोही निघायचा! शेवटी ती गर्रकन वळली.

“काय हो, दुसरी वाट नाही का तुम्हाला?”

“हाय की,” तो हसला. “पन शेवटच्या माणसाच्या मागं चालायचं, ही ड्यूटी हाय माझी. आन शेवटच्या तुमीच!”

करुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोंगरावरून बेलापूरला निघालेल्या त्यांच्या कारखान्याच्या हायकिंग ग्रुपचा नियमच होता तो. डोंगर माहीत असलेल्या एकाने सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणालाही ओलांडायचं नाही. हा हिरामण महाप्याचाच, पारसिकच्या डोंगरात लहानाचा मोठा झालेला. तो मशीनवर, ती ऑफिसात टायपिस्ट. आजवर नजरानजरही झाली नव्हती.

तिचं अंग सकाळपासून कसकसत होतं. पहिल्याच चढाला ती एका दगडावर टेकली.

“ताप हाय तुमाला. चला, घरी सोडतो.”

“नको!... घरी गेले की उत्तर द्यावं लागेल.”

तापात जीभ सैल सुटते म्हणतात. तिने सगळं सांगून टाकलं. चंद्रपूरचं स्थळ, मुलगा बँकेत, नाव ठेवायला जागा नाही. बाबा म्हणाले होते, डोंगरावरून आलीस की हो का नाही ते सांग, रात्री पत्र टाकतो.

हिरामण बराच वेळ पायाने वाटेवरचे खडे उडवत राहिला.

मग आला माथा. उजवीकडे खाडी, मिठागरं, वाशीच्या नव्या इमारती... सगळं जानेवारीच्या उन्हात विरघळल्यासारखं. करुणाला आपण चालतोय की तरंगतोय, तेच कळेना. हिरामणने रुमाल भिजवून पुढे केला. बोटं बोटांना लागली — आणि दोघंही एकदम खाडी बघू लागली.

“तिथं आमचं भात व्हायचं,” तो पायथ्याकडे बोट दाखवत म्हणाला. “आता कारखाना हाय. आन कारखान्यात मी!”

डोकं ठणकत असूनही ती हसली. “माझ्यामुळे उशीर होतोय तुम्हाला.”

“होऊ द्या ना... बेलापूर आज आनखी लांब असतं, तरी मला चाललं असतं.”

त्यानंतर — खोटं कशाला बोला — गरज नसताना दोनदा बसली.

बेलापूरच्या बसस्टॉपवर बाबा तिला घ्यायला उभे होते. तिच्या कपाळाला हात लावून ते दचकले. “अगं, भाजतंय! उत्तराचं राहू दे आज.”

“नाही बाबा, आजच. चंद्रपूरला नाही म्हणून कळवा.”

“का गं? मुलात काय कमी आहे?”

“काहीच नाही. पण... मला हा माणूस आवडलाय.”

हिरामणच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली.

“करुणा, तापात बोलतेयस तू!”

“ताप आहेच बाबा. पण बोलतेय मी.”

बाबांनी हिरामणला आपादमस्तक न्याहाळलं. “आणि तुमचं काय म्हणणं?”

“मी... सकाळपासून तेच म्हनायचं म्हनतोय. धीर होत नव्हता.”

जात, भाऊबंद, लोक काय म्हणतील — सगळं बाबांच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं.

“ताप उतरला की घरी या,” ते म्हणाले. “तेव्हाही ती हेच म्हणते का, तुमच्यासमोरच विचारतो.”

चौथ्या दिवशी ताप उतरला. हिरामण आला, खुर्चीच्या टोकावर बसला. बाबांनी तोंड उघडायच्या आत करुणा “हो” म्हणाली.