नमुना नॉर्मलचा

आरोग्य मंडळाने अवधानमापक हे यंत्र मंजूर केलं तर डॉ. शर्वरी खानोलकरना काय मिळणार होतं? बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेचं प्रमुखपद, आणि पुण्यातल्या नणंदेपुढे जन्मभर पुरेल एवढी मिजास. तोटा कोणाचाच दिसत नव्हता. असा सौदा दिसला की शहाण्याने चष्मा पुसून पुन्हा बघावं. शर्वरी दमलेली होती. तिने पुसला नाही.

टोपीसारखं ते यंत्र डोक्यावर चढवलं की मेंदूची लय निरोगी माणसांच्या लयीशी ताडून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, आहे की नाही ते सांगायचं. गोऱ्या मुलग्यांच्या मापाने काळ्या मुली मोजल्या जाऊ नयेत म्हणून शर्वरीने निरोगी कृष्णवर्णीय स्त्रियांचा वेगळा प्रमाणगट बांधला होता. वयाचा फरक यंत्र वजा करी. या न्यायबुद्धीचं तिला फार कौतुक होतं.

खुर्चीत सहावीतली केझिया होती. शाळेच्या मते उद्धट. उद्या सुनावणी: एडीएचडीचा दाखला असेल तर मदतनीस शिक्षिका, नसेल तर नाव कमी. आणि शाळा दाखला मानायची तो याच यंत्राचा.

यंत्र म्हणालं, नॉर्मल.

"नॉर्मल म्हणजे कोणासारखी?" तिच्या आईने, मार्सियाने विचारलं. ती शेजारच्या हॉस्पिटलात सिस्टर होती. "त्या गटात मीही आहे ना? कशावरून निवडलंत आम्हाला?"

"तक्रार नाही, कामात चूक नाही, अशा बायका घेतल्या."

मार्सिया हसली. "डॉक्टर, चूक होऊ नये म्हणून मी प्रत्येक गोळीचं नाव पुन्हा पुन्हा वाचते. ड्यूटी संपली की पार्किंगमध्ये गाडीत नुसती बसून राहते, किल्ली फिरवायचं त्राण नसतं. गोरी बाई विसरली तर बिचारी. मी विसरले तर आळशी. म्हणून मी विसरतच नाही."

"आणि गटातल्या बाकीच्या?"

"त्याच पार्किंगमध्ये असतात."

शर्वरीने टोपी बाजूला ठेवली. मग मार्सियाला जुन्या पद्धतीने, तासभर प्रश्न विचारून तपासलं. एडीएचडी होता, लहानपणापासूनचा. लेक आईसारखी निघाली होती, आणि यंत्राने आईलाच निरोगी धरलं होतं.

तिने संध्याकाळीच प्रमाणगट रद्द केला. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं: ताडून बघायला गटच नाही, तर यंत्र केझियाला दाखला देणार कशाच्या आधारावर?

सुनावणी दहा मिनिटांत आटोपली. शर्वरीचं पद वर्षभर लांबणीवर पडलं, केझियाची शाळा गेली. नव्या गटासाठी पुन्हा काळ्या बायकाच लागणार होत्या, आणि त्यांना बोलावणारं पत्र मंडळाने मार्सियाकडूनच लिहून घेतलं, ड्यूटी संपल्यावर, फुकट.