ढीग बागेत, फोन बागेत

कुबड्या घेऊन आलेली बाई खुर्चीत बसायच्या आधीच भांडायला लागली.

"सगळं गाव मला चोर म्हणतंय. तुम्हीही म्हणणार असाल तर आत्ताच सांगा, मी परत जाते."

"आधी बसा," मावशी म्हणाली. "चोर असाल तर नंतर म्हणेनच."

विम्याचे खोटे दावे उकरून काढण्यात मावशीची उमेदीची वर्षं गेली होती. आता खासगी चौकशीची कामं घेताना ती गिऱ्हाइकाशीही गोड बोलत नसे. गाडी चालवायला, सामान उचलायला आणि चुकीचे तर्क करायला तिचा भाचा होता. त्यातलं तिसरं काम तो अगदी मन लावून करी.

बाईची पामची बाग होती, नवऱ्यामागे एकटीने सांभाळलेली. गावातल्या सगळ्या बागांचे घड एकाच तेलगिरणीत जात. जंगल तोडून लावलेल्या झाडांचं तेल नको, अशी तेल घेणाऱ्यांनी अट घातली, तेव्हापासून गिरणीने नवी पद्धत आणली होती. तोडणी झाली की गिरणीचा माणूस फोन घेऊन बागेत येई आणि ढिगाचा फोटो काढी. फोटोबरोबर जागेची नोंद आपोआप होई. मगच माल गिरणीत जाई.

"आणि या महिन्यात संगणक म्हणतो, माझ्या बागेतून झाडांच्या ताकदीच्या दुप्पट माल आला. म्हणजे मी जंगलातला माल आणून माझ्या नावावर खपवला! हा पाय मोडून मी महिनाभर अंथरुणावर आहे. बागेत पाऊलही टाकलेलं नाही."

"तोडणी कोण करतं?"

"माझे दीर. आज दुपारी गिरणीत सुनावणी आहे. तोवर गिरणीने सगळ्या गावाचा माल अडवलाय. तोडलेली फळं आंबतात हो, थांबत नाहीत. काल माझ्या दारावर कुणीतरी सडका घड फेकला."

मावशीने पर्स उचलली.

गिरणीच्या फाटकाबाहेर आंबूस वास भरून राहिला होता. अडवलेल्या ट्रकांजवळ बागायतदार बसले होते. गाडीत बागवाली दिसताच एकजण थुंकला. भाच्याने काच वर घेतली.

फोनवाला पंख्याखाली बसला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर जगाचा कंटाळा.

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई. ढीग बागेत, फोन बागेत, मी बागेत. आणखी काय हवं?"

"ढीग आला कुठून, ते पाहिलंत?"

"ते माझं काम नाही. मी मोटरसायकलवर येतो, फोटो काढतो, जातो."

"आणि ट्रक?"

"यांच्या ट्रकला माग काढणारं यंत्र बसवलंय. महिनाभर तो डांबरी रस्त्यावरून खाली उतरलेला नाही. ट्रकवाल्याला सोडा."

"दोषी ठरल्या तर बागेचं काय?"

"बंदी माणसाच्या नावावर असते, जमिनीवर नाही. त्यांना माल विकता येणार नाही. बाग दुसऱ्याच्या नावावर झाली, तर नव्याने नोंद होऊ शकते."

मावशीने फोटो मागितले आणि बोटांनी मोठे करून बघत बसली. ढिगात काही घड थोराड होते, त्यांचे देठ तिरके, किंचित वळणदार कापलेले. काही लहान होते. त्यांचे देठ करवतीने कापावेत तसे सपाट.

"घड म्हणजे घड," भाचा पुटपुटला. "या फोनवाल्यानेच फोटोत गडबड केली असणार."

"तू गाडी काढ."

बागवालीच्या बागेत शिरल्यावर भाच्याची मान दुखायला लागली. झाडं तिच्या सासऱ्याच्या हातची, तीन मजली घराएवढी उंच. बागेच्या मागे कालवा होता, कालव्यापलीकडे राखीव जंगल. शेजारची बाग दिराची. त्याच्या घराचं मागचं दारही कालव्यावरच उघडत होतं, आणि तिथे एक लहानशी होडी बांधलेली होती.

दीर अंगणात आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"वहिनींनी भाड्याने माणसं आणली का आता? घरातली अब्रू चव्हाट्यावर आणायची हौसच दिसतेय."

"तुम्ही कापता कसे, तेवढं दाखवा," मावशी म्हणाली.

त्याने भिंतीला टेकवलेली लांबलचक काठी उचलली. टोकाला विळा होता. वर नेऊन त्याने तो घडाच्या देठात अडकवला आणि हिसका देऊन खाली ओढला. घड धपकन पडला. देठ तिरका कापला गेला होता.

"गावात सगळे असेच कापतात?"

"दुसरं कसं कापणार? सगळ्या बागा एकाच वेळच्या. ठेंगणं झाड औषधालाही नाही."

"ठेंगणं असतं तर?"

"तर दांड्याची पटाशी लागली असती, समोरून ढकलून कापायला. आमच्या घरात धारेचं हत्यार म्हणजे हा विळा. बाकी स्वयंपाकघरातली सुरी."

एवढ्यात भाचा किंचाळला. तो दारापाशी असलेल्या चपट्या दगडावर टेकला होता. उठला तर पँट मागून ओली, आणि त्यावर करड्या चिखलाचा गोल ठसा.

मावशी वाकून दगड बघू लागली. तो मधोमध सपाट झिजला होता.

"धुणं का हो यावर?"

"नाही, विळ्याला धार लावत होतो. तुमची गाडी आली म्हणून उठलो." मग तो भाच्याकडे बघून हसला. "बघून बसावं माणसाने."

"खरंय," मावशी म्हणाली. "हा दगड आणि तुमचा विळा दुपारपर्यंत उसना द्या. वहिनींच्या बाजूने पुरावा म्हणून दाखवायचा आहे, त्यांची तोडणी कशी होते ते."

नाही म्हणायला त्याला कारण सुचलं नाही. दगड डिकीत टाकताना भाच्याची कंबर मोडायची वेळ आली, आणि वाटभर त्याने ते ऐकवलं.

सुनावणी फाटकापाशीच झाली, कारण बागायतदार आत जायला तयार नव्हते. व्यवस्थापकाने खुर्ची बाहेर आणवली. बागवाली कुबड्यांवर उभी होती. तिला कुणी बसायला दिलं नाही.

"हिचं नाव काढा आणि आमचे ट्रक सोडा!" मागून आवाज आला.

"काढा की," दीर हळहळत म्हणाला. "घरची माणसं म्हणून मी तरी किती पांघरूण घालू?"

मावशी पुढे झाली.

"संगणकाने आपलं काम चोख केलं. माल जास्त आहे, हे त्यानेच ओळखलं. चूक माणसांची. फोन कुठे होता ते फोनने सांगितलं. फळं कुठे कापली, ते त्याला कुणी विचारलंच नाही आणि त्याला ठाऊकही नव्हतं."

तिने फोटो सगळ्यांसमोर धरला.

"हे तिरके देठ उंच झाडांचे, विळ्याने ओढून कापलेले. हे सपाट देठ पटाशीने ढकलून कापलेले. घडही लहान, म्हणजे झाड कोवळं, ठेंगणं. तुमच्यापैकी कुणाकडे आहे ठेंगणं झाड?"

ते सगळे फोटोकडे बघत होते.

"ते कालव्यापलीकडे आहे, राखीव जंगलात. वरून, उपग्रहातून बघणाऱ्याला जंगलही हिरवं आणि पामही हिरवा, म्हणून जंगल तोडून लावलेला तुकडा लपला. आता हा माल वहिनींच्या बागेत आणला कुणी? ट्रक रस्ता सोडून गेला नाही. मोटरसायकलवर ढीग येत नाही. होडीतून येतो."

"माझी होडी गवत आणायला आहे!" दीर ओरडला.

"मी तुमचं नाव घेतलं नव्हतं."

ट्रकवाला मोठ्याने हसला. भाच्याने धापा टाकत दगड आणून मधोमध ठेवला आणि कुणी म्हणायच्या आधीच दूर सरकला.

"सकाळी तुम्ही म्हणालात, घरात एकच हत्यार, आणि या दगडावर त्याला धार लावत होतो." मावशीने काठीवरून उतरवलेला विळा त्याच्या हातात दिला. "लावून दाखवा."

त्याने विळा दगडावर टेकवला. विळ्याची धार आतल्या वळणाला, दगड सपाट. टोक टेकलं, बूड टेकलं, धार अधांतरीच राहिली. त्याने विळा उलटा केला, आडवा केला. दगडाला धार काही लागेना. तिथले सगळे जन्मभर विळ्याला कानस मारत आलेले, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"या दगडाला झिजवणारं पातं सपाट आहे. पटाशीचं. गाडी वाजली तेव्हा ती हातात होती. यांच्या मागच्या दारी कालवा आहे, जाऊन बघा, फार लांब फेकली नसेल."

दोघे बागायतदार उठले आणि मोटरसायकल काढून गेले.

"पण चोरी पकडली जाणार, हे त्याला कळत नव्हतं?" व्यवस्थापकाने विचारलं.

"पकडली जावी म्हणूनच केली. बंदी नावावर असते, जमिनीवर नाही. वहिनींचं नाव गेलं की बाग विकण्यावाचून गत्यंतर नाही, आणि घ्यायला घरचा माणूस शेजारीच उभा."

दिराने वहिनीकडे पाहिलं. "घराण्याची बाग होती ती. परक्या घरून आलेल्या बाईला..."

"माझ्या दारावर सडका घड कुणी टाकला, भाऊजी?" तिने विचारलं.

त्याने मान खाली घातली. तिला एकदम रडू आलं, आणि रडू आल्याचाच तिला राग आला. अर्ध्या तासाने दोघे परतले. एकाच्या खांद्यावर चिखलाने माखलेली पटाशी होती. सकाळी थुंकलेला माणूस पुढे आला, खुर्ची ओढून तिच्याजवळ ठेवत म्हणाला, "वहिनी, चुकलं आमचं. बसा."

ती बसली नाही.

"फाटक उघडा," ती व्यवस्थापकाला म्हणाली. मग कुबडी उचलून तिने रांगेतल्या सगळ्यात मागच्या ट्रककडे दाखवलं. "तो माझा. आधी तो आत जाईल. तुमचे माझ्यानंतर."

एकेक ट्रक मागे घेत त्यांनी तिला वाट करून दिली.